फोलीसाहेबांच्या खिडकीच्या शोधात

पहिला दिवस : स्टाउरब्रिज

लेक बर्मिंगहॅमजवळ राहतो. मला तिथे येऊन तीन आठवडे झाले होते. नातीला स्टाउरब्रिजची छोटी आगगाडी दाखवायची होती म्हणून रविवारी आम्ही निघालो. स्टाउरब्रिज जंक्शन ते स्टाउरब्रिज टाउन असा जेमतेम सव्वा किलोमीटरचा फाटा आहे. त्यावर एकच बुटका डबा दिवसभर ये-जा करतो. बसलं की तीन मिनिटांत उतरायचं. नातीने तीन फेऱ्या मारायला लावल्या, मग पाय मोकळे करायला मेरी स्टीव्हन्स पार्कमध्ये गेलो.

बागेतल्या एका बाकावर ब्राँझचा वयस्क माणूस बसलेला दिसला. डोळ्यांवर गोल चष्मा, बाजूला कागदपत्रांची बॅग, आणि पाखराला दाणे घालणं चाललेलं. नात बिनधास्त त्याच्या शेजारी जाऊन बसली. हा कोण म्हणून मी विचारलं, तर लेकाने फोनवर वाचून सांगितलं, "आई, हा फ्रँक फोली. बर्लिनमध्ये पासपोर्ट ऑफिसर होता. म्हणजे तसं दाखवायला. खरा ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा माणूस. त्याने शिक्के मारून दहा हजारांच्या आसपास ज्यू बाहेर काढले म्हणतात."

शिक्के मारून. मी तिथेच खाली बसले.

एका सरकारी कचेरीत मी 31 वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी खिडकीच्या आतल्या बाजूला. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला. शिक्क्याचं वजन मला हातात ठाऊक आहे. दुसरं असं, की मी अलिबागची. आमच्या लहानपणी ज्यू म्हणजे इस्रायल आळीतली माणसं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी दिवे लागायचे, मलिद्याचं ताट आमच्याकडे यायचं, भांडणं आणि लाड दोन्ही शुद्ध आगरी-कोकणी मराठीत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून जुनी माणसं त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यामुळे 'ज्यूंना मारलं' हे मी शाळेत वाचलं, तेव्हा डोळ्यांपुढे शेजारच्या मावशीच आल्या होत्या.

फोलीसाहेब 1949 मध्ये निवृत्त होऊन बायकोसह या गावात आले आणि 8 मे 1958 ला इथेच वारले. युरोपातलं युद्ध संपल्याच्या बरोबर तेराव्या वर्षदिनी. आयुष्यात काय केलं हे त्यांनी गावात कुणाला सांगितलं नाही. पुतळा बसला 2018 मध्ये, प्रिन्स विल्यमच्या हस्ते. विल्यमच्या पणजीने, राजकन्या अॅलिसने, अथेन्समध्ये एका ज्यू कुटुंबाला घरात लपवलं होतं, त्यामुळे पाहुणा योग्यच निवडला होता.

बर्लिनची तिकिटं आधीच काढलेली होती, चार दिवसांची सहल म्हणून. रात्री जेवताना मी म्हटलं, संग्रहालयं-बिंग्रहालयं तुम्ही बघा, मला या माणसाची खिडकी कुठे होती ते बघायचंय. सूनबाई म्हणाली, "मग आई, सुरुवात त्याच्या जन्मगावापासूनच करू की. उद्या मला सुट्टी आहे."

दुसरा दिवस : हायब्रिज

बर्मिंगहॅमहून ब्रिस्टल, तिथे गाडी बदलून हायब्रिज. सूनबाई आणि मी दोघीच. ब्रिस्टल सोडलं की सॉमरसेटचा सपाट मुलूख लागतो. डोंगर लांब सरकतात, चर खणून पाणी काढलेली हिरवी शेतं येतात. आमचा खारेपाट असाच. हायब्रिजला ब्रू नदीच्या तोंडाशी भरतीचं पाणी अडवणारी दारं आहेत. ती बघून मी सूनबाईला म्हटलं, "अगं, ही तर आपली उघाडी!" ती नागपूरची, तिला उघाडी समजावून सांगण्यात दहा मिनिटं गेली. भरतीला दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं, आतलं पाणी बाहेर जातं आणि खारं पाणी आत येत नाही.

फोलीसाहेबांचा जन्म इथे 24 नोव्हेंबर 1884 चा. वडील रेल्वेत फिटर. तेव्हा सॉमरसेट अँड डॉर्सेट रेल्वेचा कारखाना या गावात होता, निम्मं गाव त्यावर जगायचं. तो 1930 मध्ये बंद झाला. आता गाडीतून उतरावं, तर दोन फलाट आणि वारा. गावाने 2005 मध्ये त्यांचं स्मारक उभारलंय, ते बघितलं, हात जोडले. एका बाईने विचारलं, तुम्ही नातेवाईक का? सूनबाईने "नाही, यांना आवडतात," एवढंच सांगितलं. तिला ते पुरलं.

घरचे कॅथलिक. जेझुइटांच्या स्टोनीहर्स्ट शाळेत शिकून मुलगा धर्मगुरू व्हायला फ्रान्समध्ये प्वातिएला गेला. ते अर्ध्यात सोडलं, भाषा आणि तत्त्वज्ञानाकडे वळला. 1914 मध्ये युद्ध पेटलं तेव्हा हा हॅम्बुर्गमध्ये शिकत होता, म्हणजे एका रात्रीत शत्रूच्या देशात. वेष पालटून निसटला, घरी पोचला, सैन्यात गेला. 1918 मध्ये फुप्फुसात गोळी बसली. आघाडीवर परत पाठवणं शक्य नव्हतं, पण जर्मन भाषा अशी की ऐकणाऱ्याला परका वाटू नये. ती भाषाच त्याला हेरखात्यात घेऊन गेली. फिटरचा मुलगा, बुटका, चष्मेवाला, चारचौघांत न दिसणारा. युद्धानंतर लवकरच त्याची नेमणूक बर्लिनला झाली, आणि 1939 पर्यंत तो तिथेच होता.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं नीट कळत नाही. ब्रिटिश वकिलातींना आपल्या छपराखाली हेर नको असत. म्हणून खात्याने परदेशांतल्या राजधान्यांत पासपोर्ट कंट्रोल ऑफिसर अशी जागा काढली. दिवसा व्हिसाचे अर्ज, त्याआड हेरगिरी. पण या माणसाला राजनैतिक संरक्षण नसे. पकडला गेला तर सरळ कोठडी. ऑगस्ट 1938 मध्ये व्हिएन्नातल्या त्याच पदावरच्या टॉमस केंड्रिकला नाझी पोलिसांनी खरोखरच उचललं होतं. बर्लिनच्या फोलीसाहेबांना रोज सकाळी खिडकी उघडताना हे माहीत होतं.

तिसरा दिवस : प्रवास

विमान, पासपोर्टची रांग, पाऊस. हॉटेलात पोचेपर्यंत अंधार पडला. सूनबाईने बरोबर आणलेली मेथीची धपाटी खाल्ली आणि झोपलो.

चौथा दिवस : टियरगार्टनश्ट्रास

बर्लिनच्या मधोमध टियरगार्टन नावाचं मोठं रान आहे, आणि त्याच्या दक्षिण कडेने हा रस्ता जातो. पूर्वी इथे श्रीमंतांच्या हवेल्या होत्या, आता दूतावास आहेत. ब्रिटिश पासपोर्ट कार्यालयाचा जुना पत्ता टियरगार्टनश्ट्रास 17. जुनी घरं युद्धात गेली हे मला माहीत होतं, त्यामुळे तिथे काही दिसेल अशी आशा नव्हती. नंबर मोजत चाललो होतो, आणि लेक एकदम थांबला.

"आई, 17 नंबरला आपली एम्बसी आहे."

भारतातून आणलेल्या लाल दगडाची इमारत, वर तिरंगा. भारताचा बर्लिनमधला दूतावास याच क्रमांकावर आहे. एक शीख आजोबा फाईल छातीशी धरून येत होते. दोन विद्यार्थी फोटोंची साईज बरोबर आहे का म्हणून एकमेकांचे कागद तपासत होते. मी रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली उभी राहिले आणि बराच वेळ हलले नाही.

याच पत्त्यावर 1938 च्या हिवाळ्यात पहाटेपासून रांग लागत असे. 9 नोव्हेंबरच्या रात्री देशभर सिनॅगॉग जाळले गेले, दुकानं फोडली, सुमारे 30,000 ज्यू पुरुष उचलून छावण्यांत टाकले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या बायका, आया, म्हातारे वडील इथे येऊ लागले. रांग जिन्यावरून खाली, अंगणात, रस्त्यावर. छावणीतून सुटकेची एकच वाट होती. देश सोडून जाईन असा पुरावा दाखवा, म्हणजे दुसऱ्या देशाचा व्हिसा. थंडी मरणाची होती. फोलीसाहेबांनी गणवेशातल्या शिपायाला चहाचं पिंप गाड्यावर घालून रांगेतून फिरवायला लावलं. हे वाचलं तेव्हा मला माणूस कळला. खिडकीवर बसणाऱ्याला खिडकीबाहेर किती थंडी आहे ते बहुतेक कळत नाही, आम्हाला कळत नव्हतं.

आता नियम. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पॅलेस्टाइनला जायचं, तर एका वर्गात 1,000 पौंड स्वतःचे असावे लागत. जर्मनीतून पैसे बाहेर नेऊ देत नसत, म्हणजे ज्याच्याकडे होते त्याच्याकडेही नव्हतेच. एका तरुण बाईकडे दहा पौंड होते. फोलीसाहेबांनी तिला व्हिसा दिला, तिथे पोचल्यावर बाकीची रक्कम हाती येईल असं धरून. मातीची भांडी घडवणाऱ्या एका कलाकाराला त्यांनी वाट सांगितली, की परदेशातल्या नातेवाइकाकडून हजार पौंड देण्याची हमी लिहून आणा. पैसे खरोखर द्यावे लागणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं. फाईलला कागद लागला, फाईलमध्ये कागद आला.

आमच्या कचेरीत दोन क्रियापदं होती. 'नियमात बसत नाही' आणि 'नियमात बसवून घ्या'. दुसरं बहुतेक वेळा वरून फोन आला की ऐकू यायचं. वशिल्याशिवाय, पैशाशिवाय, समोर उभ्या असलेल्या फाटक्या माणसासाठी नियमात बसवून घेणारा मी 31 वर्षांत एखाद-दुसराच पाहिला. मी स्वतः तशी नव्हते. एक विधवा बाई मुलीच्या प्रवेशासाठी दाखला मागायला आली होती, शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर नावात एक काना कमी होता. मी 'त्रुटी' लिहून अर्ज परत केला. नियमाने ते चूक नव्हतं. प्रतिज्ञापत्र घेऊन मला तो त्याच दिवशी करता आला असता, तेही नियमातच होतं. मुलीचं ते वर्ष गेलं. लाल दगडाच्या त्या भिंतीसमोर मला त्या बाईची पिवळी पिशवी आठवली. लेकाला मी ही गोष्ट कधी सांगितली नव्हती, तिथे सांगितली. तो काही बोलला नाही, माझ्या हातातली छत्री घेतली.

कार्यालयात मार्गारेट रीड नावाची तरुण मदतनीस होती. ती 1938 च्या डिसेंबरात बर्लिनला आली. सकाळी ऑफिस उघडायला जावं तर रांग आधीच उभी, आणि साहेब रात्रीपर्यंत टेबलावर, असं तिने घरी लिहिलंय. घरीही साहेबांना सुटका नव्हती. गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, भीतीने रात्र काढायला जागा नसलेले ज्यू त्यांच्या फ्लॅटवर येत, आणि बायको त्यांची अंथरुणं करी. हे सगळं, खात्याचं खरं काम चालू ठेवून. सोव्हिएत हेरखात्यातून फुटलेला योहान द ग्राफ हा फोलीसाहेबांचा मोठा मोहरा. पाउल रोसबाउट हा विज्ञानग्रंथांचा संपादक दुसरा. त्याची बायको ज्यू, तिला इंग्लंडला पोचवण्यात फोलीसाहेबांचा हात. इथे हेर आणि कारकून वेगळे काढताच येत नाहीत.

ते एकटेही नव्हते. अर्जदारांची खरी माहिती काढून आणणारा ह्यूबर्ट पोलाक होता. आणि बर्लिनच्या मोठ्या दुकानाचा मालक विल्फ्रिड इस्रायल. हा मुलांना देशाबाहेर काढायच्या कामात शेवटपर्यंत होता. 1943 मध्ये त्याचं विमान जर्मनांनी पाडलं. त्याने आयुष्यभर जमवलेल्या भारतीय आणि पूर्वेकडच्या मूर्ती आज इस्रायलमधल्या हझोरेआ या किबुत्झच्या, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीच्या, संग्रहालयात आहेत.

तिथून चालत त्याच रस्त्याच्या टोकाला गेलो, 4 नंबरला. तिथे निळ्या काचेची 24 मीटर लांब भिंत आहे. अपंग आणि मनोरुग्णांना मारायची योजना 1940 पासून इथल्या घरातून चालली, पत्त्यावरूनच तिला टी-4 म्हणत. ऑगस्ट 1941 पर्यंत 70,000 हून अधिक माणसं मारली. तेही कागदांवरच. डॉक्टर अर्ज भरत आणि खाली लाल किंवा निळी खूण करत. एकाच रस्त्यावर दोन कार्यालयं. मला त्यापुढे काही बघवेना. दुपारी विल्हेल्मश्ट्रासवर ब्रिटिश दूतावासापाशी गेलो. तिथे 2004 मध्ये, त्यांच्या 120व्या जन्मदिवशी, फोलीसाहेबांच्या नावाची पाटी लागली. बाहेरूनच नमस्कार करून परतलो.

पाचवा दिवस : साक्सनहाउझेन

नातीला घेऊन सूनबाई प्राणिसंग्रहालयात गेली. लेक आणि मी साक्सनहाउझेनची छळछावणी बघायला एस-बान या लोकल गाडीने ओरानिएनबुर्गला निघालो. पाऊण तासाच्या वर लागतो, तेवढ्या वेळात मी त्याला साहेबांची पुढची गोष्ट सांगितली.

ऑगस्ट 1939 मध्ये, युद्ध तोंडावर आल्यावर, बर्लिनची खिडकी बंद झाली. साहेब आणि मार्गारेट रीड ओस्लोला गेले. 9 एप्रिल 1940 ला जर्मन तिथेही उतरले. दोघं नॉर्वेच्या बर्फातून सरसेनापती रूगे यांच्या तळावर पोचले. नॉर्वेच्या सैन्याचा लंडनशी संपर्क तुटला होता. तो यांच्या वायरलेसवरून पुन्हा जुळला. संदेश सांकेतिक लिपीत घालायचं काम मार्गारेटचं. खिडकीवरची मदतनीस दीड वर्षात रणांगणावर संदेश लिहीत होती. तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं, ते मला खटकतं.

मग 10 मे 1941 ला हिटलरचा उजवा हात रुडॉल्फ हेस एकटा विमान घेऊन स्कॉटलंडमध्ये उतरला. त्याला सरेतल्या मिचेट प्लेस या घरात ठेवलं, खोल्यांत मायक्रोफोन लपवून. त्याच्याशी बोलत बसायला जी माणसं नेमली त्यांत फोलीसाहेब होते. ज्यांच्या राजवटीने त्या रांगा लावल्या, त्यांच्यातल्या एकाच्या समोर महिनोन्‌महिने शांतपणे बसायचं. पुढे ते 'डबल क्रॉस' समितीत गेले. ब्रिटनमध्ये पकडलेले जर्मन हेर फिरवून त्यांच्याच तोंडून बर्लिनला खोट्या बातम्या पाठवायच्या, असं या समितीचं काम. रोमन अंकांत वीस म्हणजे दोन फुल्या, म्हणून वीसची समिती, म्हणून डबल क्रॉस. 6 जून 1944 ला सैन्य नॉर्मंडीला उतरलं, तरी खरा हल्ला कॅले बंदराकडे होईल म्हणून जर्मन तिकडेच डोळे लावून बसले होते, त्यात या फिरवलेल्या हेरांचा वाटा मोठा. लेकाला हा भाग सगळ्यांत आवडला. मला ती रांगच डोळ्यांपुढे होती.

स्टेशनपासून छावणी वीस मिनिटांची पायपीट. वाटेवर साधी घरं, खिडक्यांत कुंड्या. छावणी 1936 ची, त्रिकोणी आखलेली, म्हणजे दारावरच्या एका बुरुजावरून सगळं दिसावं. दाराच्या लोखंडात ते तीन शब्द, कष्टाने मुक्ती मिळते असं सांगणारे. आत हजेरीचं मैदान, आणि त्याभोवती अर्धवर्तुळात एक वेगवेगळ्या खडी-वाळूची वाट. बुटांचे तळवे किती टिकतात हे बघायला कैद्यांना त्यावर दिवसभर चालवत.

नोव्हेंबर 1938 मध्ये इथे 6,000 च्या आसपास ज्यू आणले होते. फोलीसाहेब व्हिसा घेऊन छावण्यांत स्वतः जात, अधिकाऱ्यांपुढे कागद ठेवत आणि माणूस मागून घेत. एका परक्या देशाचा पासपोर्ट अधिकारी, मागे कुठलंही संरक्षण नाही, खिशात आणखी मोठं गुपित. त्या दारातून त्यांना आत जायचं होतं आणि परत बाहेरही यायचं होतं. मी दारात उभी राहून पावलं मोजली. दाराची जाडी ओलांडायला मला बारा पावलं लागली.

ज्यू कैद्यांच्या दोन बराकी उरल्यात, 38 आणि 39. 1992 मध्ये त्या कुणीतरी पेटवल्या होत्या. जळून फुगलेला रंग काचेमागे तसाच ठेवलाय. लेक म्हणाला, "1992? आई, तेव्हा मी शाळेत होतो." परतीच्या गाडीत आम्ही दोघं बोललो नाही.

सहावा दिवस : ग्रुनेवाल्ड

विमान दुपारचं, म्हणून सकाळी सगळेच ग्रुनेवाल्ड स्टेशनला गेलो. 17 नंबरच्या फलाटावरून बर्लिनचे ज्यू पूर्वेकडे पाठवले. पहिली गाडी 18 ऑक्टोबर 1941 ची, पोलंडमधल्या लोड्झला. फोलीसाहेबांची खिडकी बंद होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

फलाटाच्या कडेला पोलादी पट्ट्या आहेत, एकूण 186. प्रत्येकीवर तारीख, किती ज्यू, कुठून कुठे. सुरुवातीच्या पट्ट्यांवर हजाराच्या वरचे आकडे. पुढे शंभर, पन्नास, त्याहून कमी. रुळांत झाडं उगवलीत, ती मुद्दाम काढत नाहीत. नात दुसऱ्या टोकाला सूनबाईचं बोट धरून उभी होती.

लहान आकडे मला जास्त लागले. दोन-चार डझन माणसांसाठीसुद्धा कुणीतरी यादी टाइप केली असेल. नावं पडताळली असतील, एखाद्याचा काना चुकला म्हणून परत लिहिली असतील, खाली सही, बाजूला शिक्का. ती यादी बनवणारे माझ्यासारखेच साडेदहाला जागेवर बसत असतील.

लेकाने घड्याळ बघितलं. "आई, निघायला हवं."

"हो," मी म्हटलं, आणि उरलेल्या पट्ट्या वाचत वाचत जिन्याकडे चालू लागले.